काटा नव्वदवर, तेल रेघेवर

डिसेंबरातला रविवार, सकाळचे सहा वाजून गेलेले. धरमपेठेतल्या आमच्या इमारतीखाली भाच्याची गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी होती आणि तो बाहेर, कानटोपी घालून, हातात चहाचा कप घेऊन तिच्याकडे बघत होता. देवासमोर उदबत्ती लावून झाल्यावर माणूस दोन मिनिटं उगाच थांबतो ना, तसा. इंजिन दहा मिनिटं गरम केल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. गाडी ऑक्टाव्हिया आरएस २४५. कंपनीने २०२० साली भारतासाठी मोजून २०० आणल्या, त्यातली एक याने सेकंडहँड मिळवली. २४५ अश्वशक्ती, उभ्या जागेवरून शंभरचा वेग साडेसहा सेकंदांच्या आसपास. दारं मात्र चार, आणि डिकीत लग्नाच्या बॅगा मावतात. त्यामुळे हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर आमच्या घरात वेगळंच भांडण आहे. ते आज नको.

मिस्त्रींना कारंजा लाडला लेकीकडे सोडायचं होतं. मिस्त्री माझ्या वडिलांच्या काळापासूनचे. गॅरेजात पाने उचलून देणारा पोरगा म्हणून लागले तेव्हा रस्त्यावर फियाट आणि अँबेसेडर सोडून फारसं काही नव्हतं. आता सत्तरी आली, हात थरथरतो, पण कान शाबूत आहेत. पिशवी घेऊन ते फाटकातून आत आले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "बंद कर ते."

"गरम होऊन राहिली ना मिस्त्री काका. एवढ्या थंडीत तशीच काढली तर इंजिनची वाट लागते."

"कोणं सांगतलं तुले?"

"आजोबांनी. पद्मिनी गरम केल्याशिवाय ते काढायचेच नाहीत. आणि त्यांना कोणी सांगितलं होतं? तुम्हीच!"

मिस्त्री क्षणभर अडले. आपलाच चाळीस वर्षांपूर्वीचा सल्ला समोर उभा राहून धूर सोडतोय, हे त्यांनाही नवीन असावं. मग म्हणाले, "हाव, सांगतलं होतं. पण ते पद्मिनीले सांगतलं होतं. तुह्या गाडीले नाई."

इथे थोडं थांबून मागे जायला हवं, कारण आपल्याकडच्या गाडीविषयीच्या निम्म्या समजुती पद्मिनीच्या वारशाने आलेल्या आहेत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेली ही गाडी, १०८९ सीसीचं इंजिन, आणि त्या इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर. कार्बोरेटर ही वस्तू साधी आणि बिनडोक. हवा ओढली गेली की तिच्याबरोबर पेट्रोलची फवार जाते. पण इंजिन गार असलं की ती फवार वाफ न होता नळीच्या भिंतींवरच ओली बसते, आत पुरेसं पेट्रोल पोचत नाही आणि गाडी चौकात मधोमध बंद पडते. म्हणून चोक ओढायचा, हवा कोंडायची, पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं आणि गाडी धड चालू राहीपर्यंत उभं राहायचं. म्हणजे ते उभं राहणं पिस्टनच्या आणि बेअरिंगच्या काळजीपोटी नव्हतंच. कार्बोरेटरची ती अडचण होती. कार्बोरेटर गेले, इंजेक्शन आलं, किती पेट्रोल द्यायचं ते आता संगणक सेन्सरला विचारून ठरवतो. चोकची मूठ डॅशबोर्डवरून नाहीशी झाली. दहा मिनिटांची तपश्चर्या तेवढी राहिली.

भाचा मात्र सहजासहजी ऐकणारा नव्हे. इंजिनिअरिंग शिकलाय, वर वाचतोही भरपूर. "चला, कार्बोरेटर सोडा. धातूचं काय? माझ्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आहे, पिस्टन ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं. गार असताना पिस्टन बोअरमध्ये किंचित सैल असतो, तापला की नेमका बसतो. मग तो बसेपर्यंत थांबलं तर बिघडलं कुठं?"

"थांबण्यानं बिघडते," मिस्त्री म्हणाले. "उभ्या गाडीत इंजिन काम काय करते? स्वतःले फिरवते, बस. कामच नाई तं गरमी कुठून येईन? चुलीत एक काडी घालून हंडा तापवत बसल्यासारखं हाये हे. आणि जेवढा वेळ ते गार हाये, तेवढा वेळ तुहा संगणक त्याले पेट्रोल जास्तीचं पाजून राहिला. ते सारं जळत नाई. बोअरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली चेंबरमधी उतरते."

"थोडंसं."

"रोज थोडंसं."

त्यात पाणीही असतं, ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळली तेव्हा गंमत वाटली. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, हिवाळ्यात सकाळी गाड्यांच्या मागे पांढरा धूर दिसतो तो त्याचाच. पण इंजिन गार असेल तर त्यातला काही भाग रिंगांच्या फटीतून खाली उतरतो आणि तेलात मिसळतो. धरमपेठेतून सदरला जायचं, तिथून परत यायचं, एवढंच ज्या गाडीचं आयुष्य असतं, तिच्या तेलाचं झाकण हिवाळ्यात उघडून बघा. आतून पिवळसर साय धरलेली असते. मिस्त्री तिला लोणी म्हणतात. तेल पुरतं तापून अर्धा-पाऊण तास टिकलं की हे लोणी आपोआप उडून जातं. उभ्या गाडीत तेवढं ते तापतच नाही.

एवढ्यात तळमजल्याची खिडकी उघडली. "आणि आमच्या घरात धूर भरतो त्याचं काय?" काकूंचा आवाज. "रोज सकाळी देवपूजेच्या वेळी हे सुरू!"

"काकू, बीएस-६ आहे," भाचा म्हणाला. "धूर नसतो हिला."

वास्तविक या मुद्द्यावर काकूंचं म्हणणं कंपनीच्या कागदपत्रांपेक्षा पक्कं आहे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना पोचल्याशिवाय कामालाच लागत नाही. पेट्रोल गाडीची सगळ्यात घाण हवा सुरुवातीच्या मिनिटा-दोन मिनिटांतच बाहेर पडते, आणि जागेवर उभं राहून आपण ती मिनिटं लांबवतो. तीही काकूंच्या देवघराखाली.

भाच्याने चहा संपवला आणि एकदम दुसरं टोक गाठलं. तरुण माणसाचं असंच असतं. "ठीक आहे. मग बसा. सुरू करायची आणि सोडायची. कंपनीच्या पुस्तकातही लिहिलंय, उभी करून गरम करू नका, लगेच निघा. माझंच चुकत होतं."

"पुस्तक काढ," मिस्त्री म्हणाले.

डॅशबोर्डच्या कप्प्यातून पुस्तक निघालं. जर्मन वंशाच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तकांत हे असतं, पोर्शेच्याही. त्या सूचनेचा पहिला भाग सगळ्यांना तोंडपाठ असतो: जागेवर गरम करू नका, लगेच निघा. दुसरा भाग कोणी वाचत नाही. इंजिन कामाच्या तापमानाला येईपर्यंत रेस जास्त देऊ नका आणि पॅडल तळापर्यंत दाबू नका. भाच्याने तो भाग वाचला, पुस्तक मिटलं आणि काही न बोलता गाडी फाटकाबाहेर काढली.

लक्ष्मीभुवन चौक, शंकरनगर, पुढे वर्धा रोड. रविवारी सकाळी हे नागपूर वेगळंच असतं. चौकाचौकांत फक्त पोह्यांच्या गाड्या आणि त्यांच्याभोवती मफलर. मला तर्रीचा वास आला आणि मी तसं बोलूनही दाखवलं, पण पुढच्या दोघांनी दुर्लक्ष केलं. वर्धा रोडवर दुमजली पूल लागतो. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. आम्ही मधल्या मजल्यावर चढलो, समोर पूल रिकामा, आणि डॅशबोर्डवर पाण्याचा काटा येऊन बरोबर नव्वदवर उभा. भाच्याचा उजवा पाय उचलला गेलेला मला मागून दिसला.

"तेल?" मिस्त्रींनी विचारलं.

या गाडीत तेलाचं तापमान वेगळं दाखवतात, आणि त्यातली खुबी अशी की तेल पन्नास अंशांच्या खाली असेल तर आकडाच येत नाही. नुसत्या रेघा दिसतात. पाणी नव्वद. तेल, दोन रेघा.

पाय खाली आला, हळू.

सगळा घोटाळा इथेच आहे. गाडी गरम झाली, असं आपण म्हणतो तेव्हा पाणी गरम झालेलं असतं. पाणी थोडं, त्यातून ते थर्मोस्टॅटने सुरुवातीला इंजिनातच कोंडून ठेवलेलं, शिवाय ज्वाळेच्या अगदी शेजारून फिरणारं. ते पाच-सात मिनिटांत तापतं. तेल खाली चेंबरमध्ये, रस्त्यावरच्या गार वाऱ्यात. त्याला दुप्पट वेळ लागतो, थंडीत त्याहून जास्त. आणि क्रँकशाफ्टला बेअरिंगपासून केसभर वर तरंगत ठेवण्याचं काम पाण्याचं नाही, तेलाचं आहे. बरं, पाण्याचा काटासुद्धा सरळ स्वभावाचा नसतो. लोक काटा जरा हलला की गॅरेज गाठतात म्हणून पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. खरं तापमान पंचाहत्तर असो की शंभर, काटा आपला नव्वदवर.

"यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही मग?" भाचा म्हणाला.

मला २०२४चा मे आठवला. रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर नागपूरचं नाव झालं, फोनवर फोन आले, आणि नंतर खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. विश्वास ठेवावा, पण कोणतं यंत्र काय मोजतंय ते विचारून.

"माझा मुद्दा पण हाच आहे मामा," भाचा आता सावरला होता. "ही सगळी काळजी युरोपातल्या लोकांसाठी आहे. उणे वीसमध्ये गाडी सुरू करतात ते. आपल्याकडे फार तर आठ-दहा अंश. मेमध्ये तर पंचेचाळीस. उन्हात उभ्या गाडीचं तेल सुरू करायच्या आधीच गरम असतं. नागपुरात कसलं वॉर्म-अप?"

मिस्त्री हसले. "नागपुरात पैदा झालेल्या माणसाले एकच भेव राह्यते, गाडी हीट होईन. मीबी जिंदगीभर तेच केलं. रेडिएटर साफ कर, फॅन बदल, होज पाय. गार गाडीचं भेव आपल्याले कोणं शिकवलंच नाई."

गरमीच्या भीतीबद्दल ते खरं बोलत होते. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. आणि आपण ज्या थंडीला हसतो तिनेही २९ डिसेंबर २०१८ला पारा साडेतीनवर आणून दाखवला होता. पण भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर हवामानात नाही, तेलाच्या डब्यावर आहे. ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं ना, ते तेल १०० अंशांना कसं वाहतं आणि गारठ्यात कसं, त्याचा तो संकेत. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. या जातीच्या तेलाचा दाटपणा १०० अंशांना साधारण १० ते १२ सेंटिस्टोक. इंजिनाची सगळी मापं, बेअरिंगमधल्या फटी, तेलाच्या वाटा, या आकड्याच्या हिशोबाने ठरवलेल्या. तेच तेल ४० अंशांना ६०-७० सेंटिस्टोक असतं. म्हणजे मे महिन्यातल्या भर दुपारी, जेव्हा वर्धा रोडचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही आपल्या चेंबरमधलं तेल हवं त्यापेक्षा पाचपट दाट असतं. डिसेंबरच्या सकाळी वीसपटीहून जास्त. आपण ज्याला होरपळणं म्हणतो तो इंजिनाचा हिवाळा आहे. पंचेचाळीस अंशांना माणूस मरतो, इंजिन अजून जागंही झालेलं नसतं.

हे मी बोललो तेव्हा भाचा गप्प झाला असं लिहायला मला आवडलं असतं. तो झाला नाही.

"मग कंपन्या इंजिनची चाचणी कशी घेतात ते सांगू? टेस्ट बेंचवर इंजिन पूर्ण जोरात चालवायचं आणि त्यातलं गरम पाणी काढून एकदम बर्फाळ पाणी सोडायचं. पुन्हा तापवायचं, पुन्हा सोडायचं. शेकडो वेळा. थर्मल शॉक. तेवढं सोसूनच ते इंजिन बाजारात येतं. वरून संगणक बसलाय, गार असेल तर टर्बोचा दाब तोच आवरतो. मी दाबलं तरी तो देणार नाही. आणि सिंथेटिक तेल म्हणजे तुमचं जुनं वीस-पन्नास नाही, सुरू होताच सेकंदाभरात वरपर्यंत पोचतं."

चाचणीचं खरं आहे. संगणकाचंही बऱ्याच अंशी खरं. मी मिस्त्रींकडे बघितलं.

"त्या टेस्टवाल्या इंजिनचं मंग काय करते कंपनी?"

"उघडून बघतात. झीज मोजतात."

"आणि पुन्हा बसवून तुले इकते?"

"नाही."

"मंग तुह्या इंजिनशी त्याचं काय नातं? ते फुटत नाई एवढं त्यायनं पाह्यलं. घासत नाई असं कुठं म्हणते कंपनी?" मग त्यांनी मागे वळून मला सांगितलं, पण ऐकवलं भाच्याला. "भाऊ, गार इंजिन पिळलं तं त्या दिवशी काई होत नाई. आवाज नाई, धूर नाई, काई नाई. म्हणून तं पोट्टे पिळतेत. ऐंशी हजार किलोमीटरले तेल पियाले लागते, तवा गाडी दुसऱ्याच्या घरी राह्यते."

भाच्याने ही गाडी सेकंडहँड घेतलेली. घेताना त्याने टायर पाहिले, काचेवरचे नंबर जुळवले, सर्व्हिसचे कागद तपासले, रंगाची जाडी मोजायचं यंत्रसुद्धा कुठूनतरी मागून आणलं होतं. पहिल्या मालकाने थंडीतल्या सकाळी पहिल्या दोन किलोमीटरमध्ये काय केलं, याचा कागद कुठेच मिळत नाही. माझ्या मते त्या दिवसाचं सगळं भांडण या एका वाक्यापाशी निकालात निघालं, बाकीचं आम्ही रस्ता लांब होता म्हणून बोललो.

आकडा दिसला तेव्हा आम्ही मिहानच्या बाजूला होतो. रेघा गेल्या, तिथे ५० आलं. मग ५४, ६१. भाचा दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गाडी ठेवून, गियर लवकर लवकर वर टाकत, चालला होता. मिस्त्रींना हे पसंत पडलं. पण तसं त्यांनी म्हटलं नाही. उलट गियरबॉक्सचं तेल, मागच्या-पुढच्या बेअरिंगचं ग्रीस, शॉकॲब्सॉर्बरमधलं तेल, टायर, हे सगळं अजून गार आहे आणि त्यांचा काटा कोणत्याच गाडीत नसतो, याची त्यांनी आठवण करून दिली. टायरबद्दल विशेष. गार टायरची पकड वळणावर कळते, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

"बीएमडब्ल्यूने हे फार देखणं केलं होतं," भाचा आता स्वतःच सांगू लागला. म्हणजे हरला नव्हता, बाजू बदलत होता. "दोन हजार सालच्या आसपासच्या एम३ आणि एम५. आरपीएमच्या तबकडीभोवती छोटे दिवे. गाडी गार असताना वरच्या आकड्यांसमोरचे दिवे पेटलेले. इथपर्यंत यायचं नाही, एवढाच अर्थ. तेल तापेल तसतसे एकेक विझत जायचे. शेवटचा विझला की रान मोकळं."

"अन् त्या रेसच्या गाड्या? फॉर्म्युला वन?"

"त्या तर गार असताना सुरूच करत नाहीत. आतल्या फटी इतक्या तंग असतात की बाहेरून गरम पाणी आणि तेल फिरवून आधी इंजिन कोमट करतात, मग सुरू."

मिस्त्रींनी हे मनात घोळवलं. "म्हणजे बाळंतिणीसारखं. आंधी शेक, मंग अंघोळ."

यानंतर मिस्त्रींची पाळी होती हरायची, आणि ती आली. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलो, ताशी १२०ची मर्यादा पाळून तासभर चाललो आणि एका पेट्रोल पंपापाशी थांबलो. भाच्याने गाडी थांबवली आणि लगेच बंद केली. मिस्त्री ओरडलेच. "अबे! टर्बो हाये ना? दोन मिनिटं चालू ठेव! आत तेल जळून कोळसा होते!"

हा नियमही एका काळी शंभर टक्के खरा होता. टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेऱ्या मारतं, धुराच्या उष्णतेने लाल होतं, आणि जोरात चालवून इंजिन एकदम बंद केलं तर तेल जागच्या जागी अडकून करपायचं. जुन्या ट्रकवाल्यांना विचारा, ढाब्यावर शिरताना इंजिन का सुरू ठेवायचे. पण भाच्याने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "कान लावा." आत कुठेतरी बारीक घूं ऐकू येत होती. इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा एक छोटा पंप टर्बोभोवती पाणी फिरवत राहतो. शिवाय शेवटची पाच मिनिटं आम्ही हळूच आलो होतो, सर्व्हिस रोडवरून. जो पुलावरून शंभर-दीडशेने येऊन दारात चावी काढतो त्याच्यासाठी जुना नियम अजूनही बरा. आमच्यासाठी त्याची गरज नव्हती.

मिस्त्री बराच वेळ वाकून ऐकत होते. "हे मले मालूम नव्हतं," एवढंच म्हणाले. सत्तरीच्या माणसाने हे वाक्य किती सहज म्हटलं, याचं मला राहून राहून कौतुक वाटलं.

आता उरला तो प्रश्न, जो खरं तर पहिल्यांदा विचारायला हवा होता. पुन्हा महामार्गावर आलो तेव्हा तेल ९६ला स्थिर होतं. गियरबॉक्स गरम, टायर गरम, सगळं जुळून आलेलं. ज्या क्षणासाठी इतकी पूर्वतयारी, तो क्षण आला होता. आणि समोर पाटी, १२०. टॉपच्या गियरमध्ये १२०ला हे इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आतच असतं. जांभई देत चालतं म्हणा ना.

"आता सांग, कुठं पळवतो?" मिस्त्री म्हणाले.

समृद्धीची आखणी १५०च्या वेगाची आहे, हे भाचा दर वेळी सांगतो. त्या दिवशीही सांगितलं. पण ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सुरू झाल्यापासून इथे काय काय झालं ते विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सरळसोट काँक्रीट, तापणारे टायर, डुलकी. शिवमडक्याच्या तोंडावर आरटीओची माणसं टायर तपासून घिसलेल्या गाड्या परत पाठवत होती, ती उगाच नव्हे. गरम तेलाने इंजिन तयार होतं, रस्ता तयार होत नाही.

मग मोजामोज सुरू झाली. रीतसर रेस ट्रॅक कुठे आहेत? ग्रेटर नोएडात, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला. कोइम्बतूरला करी स्पीडवे. आपण देशाच्या मध्यावर, झिरो माईलचा दगड आपल्या गावात, याचा आपल्याला केवढा अभिमान. त्या दगडापासून उत्तरेचा ट्रॅक हजारभर किलोमीटर, दक्षिणेचा अकराशेच्या आसपास. मध्यावर असण्याचा अर्थ कधीकधी सगळ्यांपासून सारखंच लांब असणं असाही होतो. इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ साली सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर. पण तो वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. रविवारी सकाळी थर्मास घेऊन जावं आणि शिरावं, असा नाही.

"म्हंजे तुही गाडी गरम होते," मिस्त्री म्हणाले, "आणि मंग गार होते. मधात काईच नाई होत."

भाचा मोठ्याने हसला. "मधे तुम्हाला कारंज्याला सोडतो ना."

कारंज्याचा फाटा आला. गावात शिरताना गाडी हळू झाली. लेकीच्या घरासमोर मिस्त्रींनी पिशवी उचलली, नातू धावत बाहेर आला, त्याला आधी बॉनेट बघायचं होतं. जाताना ते खिडकीत वाकले.

"आणि एक. तुह्या आजोबाले मी दहा मिनिटं नव्हते सांगतले. दोन सांगतले होते. बाकीचे आठ मिनिटं त्यायले चहा प्यायचा राह्यचा."